गांडूळवालं बटण

मला एक सांगा, तुम्ही कधी भिंतीवरचं बटण काढून, उलटं करून, त्याच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचलंय का? नाही ना... कोण वाचतं हो. दाबलं की दिवा लागतो, परत दाबलं की विझतो, माणसाला बटणाकडून आणखी काय हवं असतं? मी पण नव्हतं वाचलं. म्हणजे वाचलं होतं, तुम्हाला सांगते, नऊ वर्षं रोज वाचत होते, दिवसाला तीन-तीन हजार पाठी वाचत होते, आणि तरी नव्हतं वाचलं. आता हे कसं, ते सांगते, पण जरा पाणी पिते आधी, कारण तो शनिवार सांगायचाय, आणि तुम्ही म्हणाल, एवढं काय, बटणच तर आहे. म्हणा. सगळेच म्हणाले.

तर मी उषा. मूळची नंदुरबारकडची, दहावीपर्यंत शिकलेली, आता बावीस वर्षं सिल्वासाला. रांध्याच्या रस्त्याला आमची चाळ आहे, आणि मी बटणांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. घरातली बटणं, पांढरी, भिंतीवरची. पट्ट्यावरून बटण येतं, मी उलटं करते, पाठ बघते, सरळ करते, डब्यात ठेवते. पाठीवर बारीक छापलेलं असतं, सहा, मग ए, मग दोनशे चाळीस, मग व्ही, आणि शेवटी एक इवलीशी नागमोडी रेघ. तिला आम्ही सगळ्या बायका गांडूळ म्हणतो. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, मी लागले तेव्हा गांडूळच होतं. आमची सुपरवायझर शीतल, वयाने माझ्या लेकीएवढी, पण नजर अशी की तीन टेबलांवरून ओरडणार, "उषाताई, गांडूळ पुसट आलंय, बाजूला टाका." टाकलं बाजूला. गांडूळ नाही तर बटण नाही, एवढं मला पक्कं माहीत. पण गांडूळ म्हणजे काय? एकदा विचारलं होतं मी शीतलला, ती नवीन आली तेव्हा. ती म्हणाली, "डिझाइन असेल ताई." मला पटलं. साडीला नाही का काठ असतो, तसं बटणाला गांडूळ.

आता ही बाजूला टाकलेली बटणं असतात ना, त्यांच्यात दोष काही नसतो, फक्त छपाई पुसट, म्हणून कंपनी दिवाळीला सांगते, चार-चार घेऊन जा घरी. मी पण आणली. स्टीलच्या डब्यात ठेवली, सुया-दोऱ्यांच्या. आणि हीच माझी चूक झाली बघा... नाही, ही नाही, चूक पुढे आहे, पण सुरुवात त्या डब्यातून झाली.

आमचे हे, रघुनाथ, सतरा वर्षं धाग्याच्या कंपनीत होते. तिथे नवीन मशीन आलं आणि माणसं कमी केली, तेव्हा ह्यांनी एक जुनी व्हॅन घेतली आणि शाळेची मुलं सोडायला सुरुवात केली. इथून आमलीची शाळा. अकरा मुलं. अकरा म्हणजे बाहेरून बघितलं तर अकरा, आतून बघितलं तर पन्नास वाटतात. आणि मागच्या सीटखाली गॅसची टाकी. गाडी गॅसवर चालते ना. म्हणजे तुम्ही डोळ्यांसमोर आणा, खाली गॅस, वर मुलं, मुलांच्या मांडीवर दप्तरं, आणि पुढच्या सीटवर, ह्यांच्या बाजूला, आमच्या शेजारच्या केसरबाईंची नात सायली. सहा वर्षांची. ती पुढे का, तर मागे बसली की तिला उलटी होते. केसरबाई पहिल्या दिवशी तिचा हात माझ्या हातात देऊन म्हणाल्या होत्या, "उषा, तू आहेस म्हणून पाठवते हो. नाहीतर रघुनाथ काय, बोलायला लागला की रस्ता विसरतो." हे वाक्य माझ्या छातीत जाऊन बसलं. तू आहेस म्हणून. मी कुठे आहे हो? मी तर त्या वेळी कंपनीकडे निघालेली असते.

थंडी सुरू झाली, आणि सकाळी साडेसहाला नदीकडून असं धुकं यायला लागलं की समोरची म्हैससुद्धा हंबरली तरच कळायची. ह्यांनी भंगारातून दोन दिवे आणले, जेवणाच्या ताटलीएवढे, एकेक शंभर वॅटचा. व्हॅनच्या पुढे लोखंडी पट्टी मारून बसवले. चांगलं केलं, मी म्हटलं, दिसेल तरी. मग ह्यांना बटण हवं झालं. दुकानात जायचं ना? नाही. माझा सुया-दोऱ्यांचा डबा उघडला, एक बटण काढलं, आणि स्टिअरिंगच्या डावीकडे, खाली, पत्र्याला भोक पाडून बसवून टाकलं. पांढरंशुभ्र, बेडरूमचं. आमच्या व्हॅनमध्ये बसलं की वाटायचं, आता हे दाबलं तर पंखा लागणार.

मी म्हटलं, "अहो, हे घरातलं आहे."

"मग?"

"गाडीत चालतं?"

हे हसले. आमचे हे हसले की मला आधीच भीती वाटते. म्हणाले, "उषा, तुझं बटण किती व्होल्टचं?"

मी म्हटलं, "दोनशे चाळीस."

"आणि गाडी?"

"मला काय माहीत."

"बारा. अगं, दोनशे चाळीस सोसणारं बटण, त्याला बारा व्होल्ट म्हणजे गुदगुल्या."

हिशोब बरोबर वाटत होता. वीसपट मजबूत बटण. दहावीला गणितात मला बेचाळीस होते, मी मान डोलावली. हे म्हणाले, "बटणच तर आहे." आणि तपकीर ओढली. हे सांगायचं राहिलं, आमचे हे तपकीर ओढतात, वीस वर्षं झाली, आणि त्यामुळे ह्यांच्या नाकाला जगात एकच वास येतो, तपकिरीचा. भाजी लागली, दूध करपलं, ह्यांना पत्ता नाही. लक्षात ठेवा हे, पुढे लागणार आहे.

पंधरा दिवस दिवे झकास चालले. मग एका दुपारी सायली मला म्हणते, "काकू, आमच्या गाडीतलं बटण गरम गरम असतं. मी गुडघा लावून बसते, छान वाटतं थंडीत."

माझं हातातलं काम तिथेच राहिलं...

गरम? बटण? नऊ वर्षांत मी लाखो बटणं हाताळली, एकही गरम नव्हतं. मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "थंडीत मुलांना शेक मिळतो, तुझं काय जातं?" मी नथूभाऊंना विचारलं, ते आमच्या चाळीत शेवटच्या खोलीत राहतात, ट्रक चालवायचे पूर्वी, त्यांना कळेल म्हणून. ते म्हणाले, "वहिनी, गाडी गरम होते, इंजिन गरम होतं, डायव्हर गरम होतो, बटण काय वेगळं आहे? बटणच तर आहे." मी कंपनीत शीतलला विचारलं, ती म्हणाली, "आपलं बटण आहे ना ताई? मग काळजी नको, आपली क्वालिटी आहे." मी केसरबाईंना विचारणार होते, पण त्यांना विचारायचं म्हणजे सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे काय सांगू, की तुमच्या नातीच्या गुडघ्याशी मी आणलेलं बटण तापतंय? जीभच उचलली नाही. भित्रेपणा हो, दुसरं काय. मी सायलीला फक्त सांगितलं, "गुडघा लावू नकोस बाळा," आणि रोज सकाळी गाडी वळणावरून दिसेनाशी झाली की देवाचं नाव घेत कंपनीत जायचे, आणि तिथे काय करायचे? आणखी तीन हजार बटणं भरायचे. प्रत्येक बटण हातात घेतलं की वाटायचं, तू कुणाच्या गुडघ्याशी जाणार बाबा...

आणि मग तो शनिवार.

शाळा सकाळची, हे मधल्या वेळातली भाडी मारून, मुलांना घरी सोडून नुकतेच आले होते, माझीही अर्धी शिफ्ट. दुपारचे दोन. भर ऊन. मी ओट्यावर भांडी घासते आहे, आणि बघते तर चाळीसमोर आमची व्हॅन उभी, आत कुणी नाही, किल्ली खिळ्याला, आणि पुढचे दोन्ही दिवे ढणाढणा जळताहेत. नथूभाऊ खाटेवरून म्हणतात, "रघुनाथभाऊ, सूर्याला कमी दिसायला लागलं का, बत्ती दाखवताय ते?" हे बनियनवर बाहेर आले, म्हणाले, "बंद करायचे राहिले वाटतं सकाळी." गाडीत वाकले, बटण दाबलं. दिवे चालू. परत दाबलं. दिवे चालू. टक टक, टक टक, वर खाली, वर खाली, दिवे आपले चालू. हे बाहेर येऊन माझ्याकडे बघतात, जणू मीच लावलेत. म्हणाले, "बटण तर सकाळपासून बंदच आहे."

ऐकलंत? बटण बंद आणि दिवे चालू. मी तुम्हाला सांगते, भूत परवडलं. भुताला निदान काही मागणं असतं.

आणि मग मला वास आला. प्लास्टिक जळाल्याचा. ह्यांना नाही, ह्यांना कुठला येतो, हे त्याच बटणाशेजारी नाक नेऊन बसलेले आणि म्हणतात, "कुठे वास? तुला नेहमीच वास येतात." आणि त्या पांढऱ्या बटणाच्या कडेने अशी बारीक, अगरबत्तीसारखी, निळसर धुराची रेघ वर येत होती. आणि सीटखाली टाकी. मी पाण्याची बादली उचलली. उचलली आणि आठवलं, कंपनीत शिकवलंय, विजेच्या आगीवर पाणी नाही, वाळू टाकायची. वाळू कुठून आणू? घरात धावले, हाताला रांगोळीचा डबा लागला, गुलाबी रंगाचा, तो आणला आणि सगळा त्या बटणावर ओतला. बटणावर, गिअरवर, सीटवर, ह्यांच्या डोक्यावर. नथूभाऊ तेवढ्यात पान्हा घेऊन आले आणि बॅटरीची वायर सोडवली, तेव्हा कुठे दिवे गेले. आणि खाटेकडे परत जाताना काय म्हणाले असतील? "घाबरू नका वहिनी, बटणच तर होतं."

मी ओट्यावर बसले. एकच विचार, सकाळी सात वाजता हेच बटण असंच तापलेलं होतं, आणि तिथे सायलीचा गुडघा होता, आणि मागे दहा मुलं, मागचं दार तर बाहेरूनच उघडतं... बटण माझ्या डब्यातलं. मी उलटं करून, पाठ बघून, घरी आणलेलं. तू आहेस म्हणून पाठवते हो. मी जेवले नाही त्या दिवशी. हे जेवले. पण गुलाबी केसांनी, खाली मान घालून जेवले, ते एक समाधान.

तासाभराने दिव्यांच्या वायरी पूर्ण काढून टाकल्या, बॅटरी जोडली, आणि गाडी झिपरूदादांकडे नेली. झिपरूदादा म्हणजे रांध्याच्या फाट्याला गाड्यांचं वायरिंग करतात, आमच्याच खानदेशातले, साठीचे, आवाज असा मऊ की वाटतं बाळाला झोपवताहेत. त्यांनी ते बटण काढलं. मागची बाजू वितळून काळी. त्यांनी ते हातात धरलं, वास घेतला, आणि ह्यांना विचारलं, "हाई बटण कोनी बसाडं?"

हे म्हणाले, "मीच बसवलं."

"बरं. आनि हाई गुलाबी काय शे?"

"ती हिने बसवली."

मग त्यांनी फ्यूज शोधला. फ्यूजच्या जागी काय असावं? सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद, गुंडाळी करून. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे दुसरीकडे बघत म्हणाले, "फ्यूज सारखा उडत होता. कागद लावल्यापासून एकदाही नाही उडला." वर असं सांगितलं जणू कागदाचं कौतुक करताहेत. झिपरूदादांनी फक्त आपली टोपी काढून बाकावर ठेवली. तुम्हाला सांगते, ओरडले असते तर बरं वाटलं असतं, त्या टोपीनेच मला जास्त घाम फुटला.

मग त्यांनी मला समजावलं. मलाच, कारण विचारत मी होते, हे तर चाकाकडे बघत उभे होते. म्हणाले, बहीण, व्होल्ट सोड, बटण भाजतं ते अँपिअरने. म्हणजे बटणातून वीज वाहते किती, ते. शंभर आणि शंभर, दोनशे वॅटचे दिवे. भागिले बारा कर. मी मनात केलं, सोळा आणि वर, म्हणजे सतराच धरा. आणि बटणावर काय लिहिलंय? सहा. सहा ए. ए म्हणजे अँपिअर. सहा माणसांच्या खोलीत सतरा माणसं घातल्यावर खोली तापणार नाही का? मी म्हटलं, तापेल, आमच्या चाळीत दिवाळीला तापते. हेच दिवे घरच्या दोनशे चाळीसवर असते तर एक अँपिअरसुद्धा लागला नसता. व्होल्ट कमी म्हणून बटणाला आराम नाही, उलट व्होल्ट कमी म्हणून ओझं जास्त. म्हणजे ह्यांच्या गुदगुल्यांचा हिशोब बरोबर उलटा. आणि दिवा पेटताना पहिल्या झटक्याला तर कितीतरी पट ओढतो, त्या ठिणगीने आतले दोन्ही पत्रे एकमेकांना चिकटून गेले, म्हणून बटण बंद केलं तरी दिवे विझेनात.

आणि मग ते म्हणाले, "वर्‍हून हाई बटण ए.सी.नं शे. हाई निशाणी देख ना." आणि नखाने त्यांनी बटणाच्या पाठीवर काय दाखवलं? गांडूळ. अर्धं वितळलेलं, पण गांडूळच. घरची वीज सारखी पुढे-मागे हलत असते, म्हणे, म्हणून लाट काढतात. तिच्यात बटण उघडताना उडालेली ठिणगी लगेच मरते. गाडीची वीज एकाच दिशेने सरळ जाते, तिची ठिणगी चिवट. तिच्या बटणाला वेगळी खूण असते, एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ. त्यांनी हातावरच्या काळ्या तेलात बोटाने काढून दाखवली. मी बघितलं आणि म्हटलं, हा तर धावदोरा. वर शिवणीची घडी आणि खाली धावदोऱ्याचे टाके.

नऊ वर्षं. नऊ वर्षं ते गांडूळ मला ओरडून सांगत होतं, मी घरचं आहे, मला गाडीत नेऊ नका, आणि मी त्याला काठाची नक्षी समजत होते. तिथेच बाकावर बसून मी शीतलला फोन केला. म्हटलं, शीतल, गांडूळ म्हणजे ए.सी. ती म्हणते, "ताई, तुम्ही सुट्टीच्या दिवशी पण गांडुळाचाच विचार करता का?"

रविवारी नवीन बटण आणायला मी स्वतः गेले. ह्यांना एकटं पाठवायचा प्रश्नच नव्हता. झिपरूदादांनी सांगून ठेवलं होतं, तीसच्या रेटिंगचा रिले आणायचा, फ्यूज आणायचा, जाड वायर आणायची, आणि बटण बारा व्होल्टचं, धावदोऱ्याचं, वीसच्या खाली नको. रिले म्हणजे काय, तर मधे बसणारी डबी. बटणाने फक्त इशारा करायचा, ओझं सगळं डबी उचलते. आमच्या घरात हे इशारा करतात आणि मी उचलते, त्यामुळे मला ते लगेच समजलं.

आमलीला नीलेशभाईंचं गाड्यांच्या सामानाचं दुकान. गर्दी ही एवढी. हे बाहेर पानाच्या टपरीशी उभे राहिले, मला ओळखत नसल्यासारखे. मी म्हटलं, बटण दाखवा. नीलेशभाईंनी एक लाल टाकलं समोर, आत छोटा दिवा असलेलं. "लो बेन, सरस छे. बधा आ ज लई जाय छे." सगळे हेच नेतात म्हणे. मी उलटं केलं. हात आपोआप जातो हो. पाठीवर दहा ए, आणि एक नाही, दोन-दोन गांडुळं. मी बाजूला ठेवलं. म्हटलं, "हे गांडूळवालं आहे, नको."

"शुं वालं?"

"गांडूळ. तुम्ही बिनगांडुळाचं द्या."

नीलेशभाईंनी बटण घेऊन खरंच झटकलं. मग दुसरं दिलं, स्टीलची दांडी असलेलं, जड. उलटं केलं, पाठ कोरी. एक अक्षर नाही. म्हटलं, ह्याच्यावर लिमिट नाही लिहिलेलं. तर काय म्हणावं त्यांनी? "लिखा नहीं है मतलब लिमिट नहीं है, बेन. जितना चाहिए उतना चलाओ." मला तर तिथल्या तिथे धुराचा वास आला. तिसरं, वीस ए, बारा व्ही, धावदोरा, सगळं बरोबर, मला आनंद झाला, आणि मी सवयीने अंगठा फिरवला तर विसातलं शून्य माझ्या अंगठ्यावर आलं. दोन उरले मागे. मी अंगठा दाखवला. नीलेशभाई अंगठ्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात. मागचा माणूस म्हणाला, "काकू, आवरा ना, बटणच तर आहे." त्याच्या मागचा म्हणाला, "लगीन जमवायला आल्यात का?" मी वळून अगदी शांतपणे म्हटलं, "दादा, लग्न जमवताना एवढं बघितलं असतं तर आज बटण बघायची वेळ आली नसती." टपरीवरचं पान थुंकायचं थांबलं, म्हणजे ह्यांना ऐकू गेलं.

सातवं बटण. सातव्या बटणाची पाठ अशी होती, तुम्हाला सांगते, डोळे भरून आले. पंचवीस ए, बारा व्ही, धावदोरा ठळक, अक्षरं कोरलेली, अंगठ्याने जाणारी नाहीत. नीलेशभाई म्हणाले, "बेन, तमे क्यां काम करो छो?" कुठे काम करता? मी सांगितलं कंपनीचं नाव. ते म्हणाले, "त्यांचा माल माझ्या घरी आहे. आता मला झोप येईल." ही स्तुती होती की टोमणा, मला अजून कळलेलं नाही.

दुपारी झिपरूदादांनी सगळं बसवलं. फ्यूज बॅटरीजवळ, रिले, जाड वायर, आणि बटण सायलीच्या गुडघ्यापासून लांब, वर, उजवीकडे. चांदीचा कागद त्यांनी घडी करून ह्यांच्या खिशात ठेवला, म्हणाले, आठवण म्हणून ठेवा. आणि निघताना मला म्हणाले, "बहीण, तपासानं व्हई तर गाडी चालू ठेईसन तपासजा." म्हणजे तपासायचं असेल तर इंजिन सुरू ठेवून तपासा. मी हो म्हटलं. ऐकलं मी, मी ऐकलं नाही असं नाही.

पण संध्याकाळी पाच वाजता हे दाढी-कटिंगला गेले, आणि व्हॅन तिथे उभी, आणि उद्या सोमवार. अकरा मुलं. माझं मन काही ठरेना. बटण दाबल्यावर लागतं, हे बघितलं. विझतं, हे पण बघितलं. पण तापतं का? ते अर्ध्या तासाने तापलं तर? तासाने तापलं तर? मी गाडीत जाऊन बसले. आता इंजिन सुरू करायचं म्हणजे मी, जिला सायकल येत नाही, तिने किल्ली फिरवायची, खाली गॅसची टाकी असताना... नाही हो. मला नाही जमलं. दिव्यांना किल्ली लागत नाही, थेट बॅटरीवर आहेत. मी नुसतं बटण दाबलं आणि त्याच्यावर तळहात ठेवून बसले. जसं तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात, तसा.

केसरबाई आल्या. "काय करतेस गं?"

तेव्हा मी सांगितलं. सगळं सांगितलं, गुडघ्यापासून गांडुळापर्यंत, मान खाली घालून. वाटलं, आता ह्या सायलीला पाठवणार नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "सरक तिकडे." पलीकडून चढल्या, बाजूला बसल्या आणि माझा हात काढून आपला ठेवला बटणावर. "गार आहे गं," म्हणाल्या. "राहू दे थोडा वेळ. बटणच तर आहे, पण राहू दे." मग चाळीतली जया आली मेथीची जुडी घेऊन, की एवढा उजेड पडलाय तर निवडून घेते. तिचं बघून आणखी दोघी. दिव्यांच्या झोतात सतरंजी पडली. सगळी चाळ मेथी निवडते आहे, लसूण सोलते आहे, आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी उठून बटणाला हात लावून जाते आहे, गार आहे, गार आहे. एक तास झाला, दीड तास झाला. शेवटी शेवटी दिवे जरा पिवळट वाटले मला. मी म्हटलं, रुळले असतील. नवीन सून नाही का आधी लखलखते, मग घरासारखी होते.

सात वाजता मी बटण बंद केलं. दिवे विझले. एकदाच दाबलं आणि विझले. त्या दिवशी किती दिवसांनी मी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बटण बर्फासारखं गार होतं, बॅटरी ठार उतरलेली होती, आणि हे पुढे, मी मागे आणि सायली माझं बोट धरून, अकरा मुलांना घेऊन आम्ही धुक्यातून आमलीच्या शाळेपर्यंत चालत गेलो.